कॉइल बदलायच्या आधी तिचा कपलर बघा: लूज कनेक्शन आणि इंजिनचं मिसफायर

गाडी उभी असताना इंजिन एकदम गुळगुळीत चालतं, पण चढावर वरच्या गिअरमध्ये जरा जास्त ऍक्सिलरेटर दिला की गचके बसायला लागतात, मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा येतो, आणि दोन दिवसांनी सगळं आपोआप ठीक होतं आणि मग पावसात किंवा खराब रस्त्यावर परत तेच सुरू. याला गॅरेजच्या भाषेत मिसिंग, म्हणजे मिसफायर, म्हणतात. आणि अशा येत्या-जात्या मिसिंगमध्ये बरेचदा पार्ट खराब नसतोच, त्या पार्टला जो प्लास्टिकचा कपलर लागतो ना, त्याच्या आतली एखादी पिन नीट धरत नसते. पण कपलर तपासायला वेळ लागतो आणि कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा पार्ट) बदलायला पाच-दहा मिनिटं लागतात, त्यामुळे आधी कॉइल बदलली जाते. कपलरची तपासणी कशी करायची, आणि ती नुसत्या नजरेने का जमत नाही, ते इथे बघू. हे सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, आणि आजच्या बऱ्याच डिझेल इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या पार्टच्या) वायरींमध्ये धोकादायक इतका जास्त व्होल्टेज असतो, तिथे इंजिन चालू असताना हात घालायचा नाही एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

मिसफायर म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये त्याची पाळी आल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं. पेटायला चार गोष्टी लागतात, हवा, पेट्रोल, दाब आणि वेळेवर ठिणगी. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमध्ये एकदा पेटतो, म्हणजे आयडलिंगला, उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, ८०० आरपीएम (मिनिटाला ८०० फेऱ्या) धरलं तर एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला जवळपास सात वेळा पेटला पाहिजे. यातले चार-दोन हुकले तर इंजिन फक्त किंचित थरथरल्यासारखं वाटतं, आपल्याला कळतही नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, मात्र कळतं, कारण क्रँकच्या चाकाचे दात सेन्सरसमोरून किती वेळात जातात हे तो सतत मोजत असतो, सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल मिळते आणि नाही पेटला की तेवढ्यापुरता क्रँक जरासा मंदावतो. कुठल्या वेळी मंदावला त्यावरून सिलिंडरचा नंबर. म्हणून स्कॅनर (ईसीयूतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असे कोड येतात, आणि पी०३०० म्हणजे कुठलातरी एक नाही, इकडे-तिकडे होतंय.

पण कोड काय सांगतोय ते नीट समजून घ्या. पी०३०२ म्हणजे "दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेटलं नाही" एवढंच, "दुसरी कॉइल खराब आहे" असं तो कुठेही म्हणत नाही. प्लग असू शकतो, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, आणि यातल्या कशाचीही वायरिंग. त्याच्या जोडीला पी०३५२ आला असेल तर तो दुसऱ्या कॉइलच्या सर्किटचा कोड आहे, पी०२०२ आला तर दुसऱ्या इंजेक्टरच्या सर्किटचा, आणि मग संशयाची सुई आपोआप वायरिंग आणि कपलरकडे जास्त वळते. नुसता पी०३०२ आला म्हणून कपलर निर्दोष सुटत नाही हं, कारण सर्किट पूर्ण तुटलं किंवा शॉर्ट झालं तरच बरेच ईसीयू सर्किटचा कोड टाकतात, आणि लूज कनेक्शन म्हणजे पूर्ण तुटणं नव्हे. सगळी गोम इथेच आहे.

सैल म्हणजे नेमकं काय होतं

आपल्या डोक्यात लूज कनेक्शन म्हणजे बल्ब लागतो-विझतो तसं काहीतरी असतं, एकतर जोडलंय नाहीतर तुटलंय. प्रत्यक्षात कपलरच्या आत फीमेल पिनमध्ये (जिच्यात समोरची मेल पिन शिरते ती) एक छोटी स्प्रिंगसारखी पट्टी असते, ती मेल पिनला दाबून धरते, आणि हा दाब फार थोडा असतो. उष्णतेने, वर्षानुवर्षांच्या थरथरीने, किंवा कुणीतरी मल्टीमीटरचा जाड प्रोब आत घुसवल्यामुळे ती पट्टी ढिली पडते. मग इंजिनच्या थरथरीबरोबर दोन्ही पिना एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहतात, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या, डोळ्याला दिसणारही नाही. पिनांवर सहसा कथिलाचा मुलामा असतो, तो घासून त्याचे कण सुटतात, हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचं ऑक्साइड होतं, आणि हे ऑक्साइड कडक असतं आणि वीज नीट वाहून नेत नाही. ते दोन पिनांच्या मध्ये साठत जातं. एअरबॅगसारख्या बारीक पण महत्त्वाच्या सर्किटमध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना वापरतात ते याचसाठी, सोन्याचं असं ऑक्साइड होत नाही.

म्हणजे कनेक्शन तुटत नाही, त्यात थोडा रेझिस्टन्स घुसतो. कधी पाव ओहम, कधी दीड-दोन ओहम, गाडी हलली की बदलतो, गरम झाली की बदलतो.

एक-दीड ओहमने काय फरक पडतो असं वाटेल. सेन्सरच्या वायरमधून इतका कमी करंट जातो की तिथे खरंच फारसा पडत नाही, आणि बऱ्याच गाड्यांच्या साध्या इंजेक्टरचा स्वतःचाच रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम असतो, तिथेही दीड ओहम पचून जाईल. पण इग्निशन कॉइलच्या प्रायमरी वाइंडिंगचा (करंट जिच्यात सोडतात त्या पहिल्या गुंडाळीचा, दुसरी ती सेकंडरी) रेझिस्टन्स बहुतेक वेळा एक ओहमच्याही आत असतो. ईसीयू त्या वाइंडिंगमधून साधारण दोन-तीन मिलिसेकंद करंट सोडतो, तो हळूहळू चढत जातो, आणि मग अचानक बंद करतो, त्या बंद होण्याच्या झटक्याने सेकंडरीमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. आता समजा एका कॉइलमध्ये एवढ्या वेळात करंट ७.५ अँपिअरपर्यंत चढायचा आणि कपलरमधल्या दीड ओहममुळे तो ५ पर्यंतच चढला. करंट एक तृतीयांशाने कमी झाला. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, नऊपैकी चारच भाग ऊर्जा उरली. निम्म्याहून कमी! ठिणगी बंद झाली नाही, अशक्त झाली.

आणि आता ते चढावरचं कोडंही सुटतं. उभ्या गाडीत थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळपास बंद, सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी, त्यामुळे प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला कमी व्होल्टेज पुरतं आणि अशक्त कॉइलही ते काम कसंबसं निभावून नेते. चढावर वरच्या गिअरमध्ये ऍक्सिलरेटर दाबला की सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो, तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि तिथे ती कॉइल तोंडघशी पडते. प्लगची फट झिजून वाढलेली असेल तर अजून लवकर. म्हणून जुने प्लग आणि किंचित सैल कपलर हे दोन्ही एकेकटे असताना कदाचित कधीच त्रास देणार नाहीत आणि एकत्र आले की गाडी वैताग आणते.

ज्या कॉइलमध्ये स्विचिंगचा ट्रान्झिस्टर आतच बसवलेला असतो तिच्या कपलरला तीन किंवा चार पिना असतात, एक बारा व्होल्टची, एक अर्थची म्हणजे मायनसची, एक ईसीयूकडून येणाऱ्या सिग्नलची, आणि चौथी असलीच तर काही गाड्यांत ठिणगी पडल्याची पोच ईसीयूला परत देणारी. यात सिग्नलची पिन सैल असेल तर ठिणगी अशक्त होत नाही, ती अधूनमधून पडतच नाही. लक्षणं थोडी वेगळी दिसतात, गचका जास्त स्पष्ट, आणि लोड असो-नसो केव्हाही.

नवीन पार्ट टाकल्यावर "बरं" का होतं

मला या सगळ्यात सगळ्यात फसवी वाटते ती ही गोष्ट. कॉइल बदलायची म्हणजे कपलर काढावा लागतो आणि परत लावावा लागतो. त्या काढण्या-घालण्यात पिना एकमेकांवर चांगल्या घासल्या जातात, मधलं ऑक्साइड खरवडलं जातं, आणि कनेक्शन काही दिवस किंवा काही आठवडे उत्तम चालतं. गाडी ठीक झाली, म्हणजे जुनी कॉइलच खराब होती, असा सगळ्यांचा समज होतो, मेकॅनिकचाही, त्यात त्याची काही लबाडी असतेच असं नाही. आणि मग त्याच सिलिंडरचा कोड परत आला की "नवीन कॉइल डुप्लिकेट निघाली" हे निदान ठरलेलं. त्याच सिलिंडरवर दुसऱ्यांदा कॉइल गेली असं कुणी सांगितलं तर तिसरी घेऊ नका, कपलर बघा.

यातून एक अगदी कामाचा नियम निघतो, काहीही उपटायच्या आधी तपासायचं. बॉनेट उघडलं आणि पहिल्याच झटक्यात सगळे कपलर काढून फुंकर मारून परत लावले तर दोष तात्पुरता लपेल आणि तो कुठे होता ते कळणार नाही.

शोधायचं कसं

सगळ्यात आधी स्कॅनर लावून कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या किंवा फोटो काढा. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होतं, लोड किती, कूलंट किती गरम, याची ईसीयूने ठेवलेली नोंद. कोड क्लिअर केला की, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली तरी, हे सगळं पुसलं जातं, आणि बरेच लोक उत्साहात आधी तेच करून बसतात.

मग इंजिन बंद ठेवून नुसतं बघा. कपलर पूर्ण बसलाय का, शेजारच्या कॉइलच्या तुलनेत मिलिमीटरभर वर आलाय का, लॉकची जीभ शाबूत आहे का. इंजिनच्या वर सतत उष्णता असते त्यामुळे हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि मागे कधीतरी प्लग बदलताना कुणाच्यातरी हातून ती जीभ मोडलेली असते, आणि मोडली हे कुणी सांगत नसतं. काही कपलरवर जिभेशिवाय वेगळ्या रंगाची एक छोटी सरकपट्टी असते, बऱ्याचदा लाल, ती कपलर पूर्ण बसल्यावरच पुढे सरकते, ती मागेच राहिली असेल तर समजून जा. वायर ताणलेली आहे का, हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) क्लिप निघालीय का, उंदराने काही कुरतडलंय का, प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय का हेही याच वेळी बघायचं.

पुढची पायरी हलवून बघायची. इंजिन आयडलला, स्कॅनरवर लाइव्ह डेटामध्ये सिलिंडरप्रमाणे मिसफायरची मोजणी दिसत असेल तर ती समोर ठेवा, नसेल तर कान आणि आरपीएम पुरे. कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या दांडीने एकेक कपलर हलके दाबायचा, बाजूला ढकलायचा, मग त्यामागची वायर जराशी हलवायची. इंजिन अडखळलं किंवा मोजणी वाढली की जागा सापडली. इथे काळजी अशी की सैल बाही, ओढणी, लांब केस बेल्टपासून लांब, रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होतो हे लक्षात असू द्या, आणि चालू इंजिनात कॉइलचा कपलर किंवा प्लगचं बूट (प्लगवर बसणारी रबरी टोपी) हाताने उपटायचं नाही. सेकंडरी बाजूला वीस-तीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त असू शकतात, झटका बसतोच बसतो आणि दचकून हात पंख्यात जाणं हे त्याहून वाईट. पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ जाऊच नये.

थंड इंजिनात काही सापडलं नाही तर गरम झाल्यावर परत करा. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंटचं तापमान दिसतं त्याचा उपयोग इथे होतो, थंड असताना पडलेला कोड गरम इंजिनात शोधून काय उपयोग?

एवढ्यावरही भागलं नाही तर इंजिन बंद करून अदलाबदल करायची. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कपलर मात्र जागचे जागी. कोड कॉइलबरोबर तिसऱ्यावर गेला तर कॉइल दोषी, दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा कपलर-वायरिंग. आणि दोन्हीकडून गायबच झाला तर? तर मघाशी सांगितलेलं घासण्याचं प्रकरण झालेलं असण्याची शक्यता खूप आहे, खूश होऊ नका, कपलर उघडून बघा.

मल्टीमीटर असेल तर लोक ओहमवर लावून वायर तपासतात आणि शून्य दाखवलं की वायर चांगली म्हणतात. पण मल्टीमीटर ओहम मोजताना अगदी क्षुल्लक करंट सोडतो, वीस धाग्यांच्या वायरमधला एकच धागा शिल्लक असेल तरी त्याला वाट मोकळीच दिसते. वायर वाईट आहे की नाही हे तिच्यातून भरपूर करंट वाहत असतानाच कळतं, घरातल्या ढिल्या सॉकेटमधला प्लग मोबाइल चार्जरला चालतो आणि इस्त्री लावली की तापतो तसं. म्हणून हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब घ्यायचा, कॉइलचा कपलर काढून त्यातल्या बारा व्होल्टच्या आणि अर्थच्या पिनेमध्ये तो जोडायचा, इग्निशन ऑन करायचं, म्हणजे त्या वाटेतून चारेक अँपिअर वाहतील. दोनच पिनांची कॉइल असेल तर कपलरमध्ये अर्थ नसतो, दुसरी वायर सरळ ईसीयूकडे जाते, तिथे बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला लावा. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं त्या बारा व्होल्टच्या पिनेला. जे दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. एकेका जोडावर ०.१ व्होल्टच्या आत असलं पाहिजे, पूर्ण वाटेवर अर्ध्या व्होल्टच्या जवळ गेलं तर फ्यूज, रिले, जोड एकेक करून शोधत मागे जायचं. अर्थच्या बाजूला बॅटरीच्या मायनसपासून तसंच, तिथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थ वाईट. एक मात्र कटाक्षाने पाळा, बल्ब फक्त बारा व्होल्ट आणि अर्थ यांच्यामध्येच. ईसीयूकडून येणाऱ्या सिग्नलच्या किंवा सेन्सरच्या वायरला बल्ब लावला तर ईसीयूच्या आतला ड्रायव्हर जळू शकतो आणि मग प्रकरण कपलरपुरतं राहत नाही.

या बल्बच्या टेस्टने वायर कळते, पिनेची पकड नाही कळत. पकडीसाठी त्याच मापाची एक सुटी मेल पिन मिळवा, दुसऱ्या एखाद्या मोडक्या कपलरमधली चालेल, आणि एकेका फीमेल पिनेत घालून बाहेर ओढा. चांगली पिन हलका का होईना पण विरोध करते. सैल पिनेतून ती आपल्या वजनाने खाली पडते. इतकी साधी टेस्ट आहे, पण माझ्या मते यातल्या सगळ्यात जास्त दोष हीच पकडून देते. आणि कृपा करून मल्टीमीटरचा प्रोब समोरून फीमेल पिनेत घुसवू नका, तपासता तपासता चांगली पिन तुम्हीच पसरवाल, कपलरच्या मागून रबर सीलच्या कडेने बारीक सुईसारखा प्रोब सरकवायचा.

दोष एकाच सिलिंडरवर नसून पी०३०० येत असेल तर एकेक कॉइल बघत बसू नका, सगळ्यांना मिळून जे लागतं ते बघा, कॉइलचा सामाईक फ्यूज-रिले, इंजिन हेडवरचा अर्थचा बोल्ट, आणि क्रँक सेन्सरचा कपलर. क्रँक सेन्सरचं कनेक्शन उडालं की बऱ्याच गाड्यांत चालता चालता आरपीएमचा काटा क्षणभर शून्यावर आदळतो, इंजिन फिरत असतानाच, ती खूण पक्की लक्षात ठेवा. आणि गाडीला नंतर गॅस कीट बसवलेलं असेल तर इंजेक्टरच्या मूळ कपलरमध्ये कीटच्या वायरिंगचे जास्तीचे कपलर घातलेले असतात, म्हणजे सैल व्हायच्या जागा दुप्पट, सुरुवात तिथूनच करा.

दुरुस्ती

नशीब चांगलं असेल तर कपलर फक्त पूर्ण बसलेला नसतो, दाबला, खट्ट आवाज आला, काम संपलं. लॉकची जीभ मोडली असेल तर लोक झिप टाय बांधतात. घरी पोचण्यापुरतं ठीक आहे. पण झिप टाय प्लास्टिकला धरतो, पिनेला नाही, आतली पिन पसरलेली असेल तर वरून कितीही आवळा, ती घासतच राहणार. नुसतं प्लास्टिकचं घर वेगळं मिळतं बऱ्याच कपलरचं, जुन्या पिना काढून नव्या घरात बसवता येतात.

इथून पुढच्या कामाला इग्निशन बंद, किल्ली बाहेर, काही मिनिटं थांबून बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं. हायब्रीड गाडीत नारिंगी वायरी आणि कुठल्याही गाडीत पिवळे कपलर म्हणजे हाय व्होल्टेज आणि एअरबॅग, त्यांच्याशी आपलं काही काम नाही.

पिनेवर नुसता मळ किंवा काळपट थर असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, मऊ ब्रश, पूर्ण वाळू द्या. सँडपेपर नको, मुलामा निघून जातो आणि खालचं तांबं-पितळ उघडं पडून काही महिन्यांत आधीपेक्षा वाईट होतं. ऑइल असेल तर क्लीनरने पुसून भागणार नाही, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या खड्ड्याचं सील गळतंय ते आधी बदला.

पिन कपलरमधून मागे सरकलेली असू शकते, समोरून बघितलं की बाकीच्या पिनांपेक्षा ती खोल दिसते. तिला अडवणारा बारीक काटा वाकलेला असतो, पिन मागून काढून काटा टोकदार हत्याराने थोडा उचलायचा आणि परत खट्ट होईपर्यंत ढकलायची, मग दुसरं लॉक, जी आडवी पट्टी असते ती, बसवायला विसरायचं नाही. फीमेल पिन पसरली असेल तर बारीक टोकदार हत्याराने तिची पट्टी आत दाबता येते, पण ही दुरुस्ती मी तात्पुरतीच म्हणेन, कारण एकदा ढिली पडलेली स्प्रिंग परत पहिल्यासारखी होत नाही. योग्य काम म्हणजे पिन बदलणं, किंवा ते जमणारं नसेल तर वायरींसकट तयार कपलर मिळतो तो जोडणं.

हिरवा थर दिसला तर वायर थोडी सोलून बघा, हा गंज इन्सुलेशनच्या आतून वर चढत जातो, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापावंच लागतं. आणि वायर वरून चांगली दिसली तरी कपलरच्या अगदी तोंडाशी धागे तुटलेले असू शकतात, प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हलकी ओढायची, इन्सुलेशन रबरासारखं ताणलं तर आत तांबं तुटलंय.

नवीन कपलर जोडताना आधी फोटो, आणि एका वेळी एकच वायर कापायची-जोडायची. नवीन कपलरच्या वायरींचे रंग गाडीच्या रंगांशी जुळतीलच याची काहीच खात्री नसते, रंगावर नाही, पिनेच्या जागेवर विश्वास ठेवायचा. बारा व्होल्ट आणि सिग्नल उलटे झाले तर कॉइल नाहीतर ईसीयू, कुणीतरी एक जातो. जाडी मूळ वायरएवढी, सगळे जोड एकाच रेषेत नकोत, पुढे-मागे ठेवा म्हणजे गाठ जाड होत नाही आणि एकमेकांना चिकटायची भीती राहत नाही. सोल्डर की क्रिंप (धातूच्या नळीत वायर दाबून केलेला जोड) यावर लोक हिरीरीने भांडतात, माझं मत क्रिंपच्या बाजूने, योग्य मापाच्या क्रिंपरने, पक्कडीने चेपून नव्हे. सोल्डर धाग्यांमधून वर शोषलं जातं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि थरथरत्या इंजिनावर वायर बरोबर त्या ताठ भागाच्या शेवटाला तुटते. करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर आधाराने बांधलेली हवी. वरून आतमध्ये गोंद असलेलं हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी), नुसती टेप गरम इंजिनावर काही दिवसांत चिकट होऊन सुटते.

डायइलेक्ट्रिक ग्रीसबद्दल एक गैरसमज आहे की ते वीज वाहून नेतं. उलट आहे, ते इन्सुलेटर आहे, त्याचं काम पाणी आणि हवा बाहेर ठेवणं. रबर सीलला आणि प्लगच्या बुटाच्या आत पातळ थर पुरे, पिनांच्या खळग्यात गच्च भरायचं नाही. त्याने सैल पिन घट्ट होत नाही हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मग वायरीला थोडी ढील द्या आणि हार्नेस मूळ क्लिपमध्ये परत बसवा. कपलर मुळात का सैल झाला याचं उत्तर बरेचदा या क्लिपमध्ये असतं, ती निघाली की हार्नेसचं सगळं वजन आणि हेलकावा त्या एका कपलरवर येतो. इंजिनचे माउंट (इंजिनला धरणारे रबरी आधार) खचलेले असतील तर इंजिन जास्त झुलतं आणि वायर दर गचक्याला ओढली जाते, तेही बघून घ्या.

दिवा लुकलुकत असेल तर

सारखा लागलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यात मोठा फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे मिसफायर इतकं आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या पार्टला, इजा होऊ शकते. न पेटलेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही एक्झॉस्टमधून थेट कन्व्हर्टरमध्ये जातात आणि तिथे जळतात, आतलं सिरॅमिकचं जाळं वितळण्याइतकी उष्णता तयार होते. अशा वेळी ऍक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा, "घरापर्यंत रेटू" नको. मिसफायरमध्ये अजून एक उलटा खेळ होतो, न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरपुढून जातो, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू ते अजून वाढवतो. म्हणून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) प्लसमध्ये दिसली की लगेच पेट्रोल पंप किंवा फिल्टरच्या मागे लागायचं नाही, आधी मिसिंग थांबवा आणि मग ट्रिम परत बघा.

काम झाल्यावर बॅटरी जोडा, कोड क्लिअर करा, आणि फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तीच परत आणा, तेवढं तापमान, तोच चढ, तसाच वरचा गिअर. आयडलला दोन मिनिटं नीट चालली म्हणजे काही सिद्ध होत नाही. पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) आणि मिसफायरची मोजणी पुढचे काही दिवस अधूनमधून बघत राहा, विशेषतः पाऊस पडल्यावर. गाडी बरेच दिवस मिसिंगमध्ये चालवलेली असेल तर त्या सिलिंडरचा प्लग काढून बघा, काळा-ओला असेल तर बदलून टाका, आणि ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय, ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, सर्व्हिसला अजून कितीही अवकाश असला तरी.